माशांच्या पिलांचे पाणी

जव्हारचा इतिहास सांगणारा माणूस हटकून शिरपामाळावर येऊन थांबतो. १६६४ सालच्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज या माळावर उतरले, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना सामोरे गेले आणि त्यांनी महाराजांना मानाचा शिरपेच चढविला, म्हणून हा शिरपामाळ, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शाळेत मीही मुलांना तेच शिकवितो. परंतु याच माळाच्या उतारांवरून मृगात जे ओहोळ धावतात, त्यांच्या अंगाने दरसाल दुसरीच एक स्वारी खालून वर चढत असते, आणि तिची नोंद कोणत्याही बखरीत सापडावयाची नाही.

पहिला मोठा पाऊस झाला, नदीचे पाणी तांबडे झाले, की माशांना वेड लागते. डोहांत उन्हाळाभर दबून राहिलेले मासे पोटात गाभोळी घेऊन उलट्या धारेने निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात, आणि ओहोळातून थेट भातखाचरांत. याला आमच्याकडे वळगण म्हणतात. तळकोकणात चढणीचे मासे म्हणतात. त्या रात्री पाड्यावर कोणी झोपत नाही. बत्त्या, कोयते, कामट्यांचे सापळे, जुन्या साड्या, जे हाताशी येईल ते घेऊन माणसे पाण्यात उतरतात. वर्षातून एकदा पोटभर मासळी मिळण्याची ती रात्र असते. ज्या मुलखाचे नाव १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे राज्यभर झाले, त्या मुलखात या रात्रीची किंमत काय, हे शहरातल्या वाचकाला निराळे सांगावयास नको. म्हणून 'गाभोळीचे मासे मारू नका' असे फलक लावणाऱ्यांशी मी वाद घालीत नाही, आणि मासे मारणाऱ्यांशीही घालीत नाही.

मला कुतूहल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. माशाने अंडी घालण्यास हीच वेळ का निवडावी? आमचे म्हातारे सांगतात, 'नव्या पाण्याचा वास लागतो.' ते खोटे नाही. पण नव्या पाण्यात वासाखेरीज आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे गारवा. चैत्र-वैशाखात तापून कोमट झालेला डोह एका रात्रीत निवतो. आणि माशाचे पिलू जगते की मरते, हे पुष्कळदा या निवण्यावरच ठरते. ही साधी गोष्ट माणसाला आकड्यांत समजावयास शतकभराहून अधिक काळ लागला, आणि त्या शिक्षणाची फी माशांच्या लाखो पिलांनी भरली. तो इतिहास मला येथे सांगावयाचा आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते आणि धंदा मास्तरकीचा व कादंबऱ्या लिहिण्याचा. तेव्हा शास्त्र सांगेन ते बेताचेच.

माशाला स्वतःची ऊब नसते. पाणी जितके गरम तितके त्याचे अंग गरम, आणि अंग जितके गरम तितकी आतली भट्टी जोरात. मोठा मासा पाणी तापले तर खोल जातो, झाडाच्या सावलीला जातो, झऱ्याच्या तोंडाशी जातो. अंड्याला आणि नुकत्या फुटलेल्या पिलाला कुठेच जाता येत नाही. पिलाच्या पोटाशी बलकाची एक पिशवी असते. तेवढीच त्याची शिदोरी. पाणी गरम झाले की ही शिदोरी भराभर जळते, आणि तोंड उघडून खाता येण्याच्या आतच ती संपते. कधी अंडे वेळेच्या आधी फुटते आणि पाठीत बाक असलेले पिलू बाहेर येते. पाणी फार थंड असले तर उलट होते : अंडे दिवसेंदिवस पडून राहते आणि त्यावर बुरशी चढते. त्यात आणखी एक फेरा आहे. २० अंश सेंटिग्रेडच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. म्हणजे भट्टी पेटून प्राणवायू अधिक हवा असतो, नेमका तेव्हाच तो कमी मिळतो.

हे गणित पहिल्याने सुटले ते मात्र आपल्या नद्यांवर सुटले नाही, ते बर्फाच्या पेटीत सुटले. टास्मानियात वसलेल्या इंग्रजांना मायदेशचे सॅमन आणि ट्राउट मासे हवे होते. जेम्स यूल या गृहस्थाने इंग्लंडहून अंडी पाठविण्याचा विडा उचलला. १८६० आणि १८६२ या दोन्ही वेळा विषुववृत्ताच्या उष्म्यात बर्फ वितळले आणि अंडी नासली. मग यूलने लंडनच्या एका बर्फ कंपनीच्या तळघरात बसून प्रयोग केले. ओल्या शेवाळात अंडी मांडावयाची, पेटी बर्फाखाली ठेवावयाची, आणि किती दिवस जगतात ते पाहावयाचे. ट्राउटचे अंडे १० अंशांच्या पाण्यात सुमारे चाळीस दिवसांनी फुटते, ५ अंशांत ठेवले तर ऐंशीच्या आसपास. म्हणजे थंडी देऊन अंड्याचा काळ लांबविता येतो. १८६४ च्या जानेवारीत 'नॉरफोक' जहाज लंडनहून निघाले, आणि एप्रिलात, सुमारे तीन महिन्यांनी, जिवंत अंडी टास्मानियाला पोचली. सॅमन तेथे रुजला नाही. ट्राउट रुजला, आणि असा रुजला की तेथल्या मूळच्या माशांना तो भारी पडला.

त्याच सुमारास आपल्याकडेही ट्राउटचे वेड आले. मद्रास फौजेतले डॉक्टर फ्रान्सिस डे यांनी १८६३ साली निलगिरीवर ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला, तो फसला. हेच डे पुढे हिंदुस्थानातील माशांवरचा सर्वांत मोठा ग्रंथ लिहिणारे. त्यांच्यामागून इतरांनी खटपट केली, पण निलगिरीचे पाणी विलायती तपकिरी ट्राउटला मानवले नाही. शेवटी विसाव्या शतकाच्या आरंभी एच. सी. विल्सन यांच्या देखरेखीखाली ॲव्हलांश येथे १९०७ साली उबवणी केंद्र निघाले आणि ऊन थोडे अधिक सोसणारा इंद्रधनुषी ट्राउट तेथे टिकला. काश्मीरची गोष्ट याहून बोलकी आहे. १८९९ साली ड्यूक ऑफ बेडफोर्ड यांनी धाडलेली अंडी वाटेतच नासली. १९०० साली दुसरी खेप सुखरूप पोचली, आणि श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालविणारे मिचेल नावाचे गृहस्थ पिले वाढवू लागले. वाटेतला गारवा एकदा साधला नाही आणि एकदा साधला, एवढाच काय तो फरक.

या साहेबांचा मला राग येत नाही. परक्या देशात आपल्या घरच्या नदीतला मासा असावा असे वाटणे, हे काही पाप नव्हे. आमच्याकडचा माणूस मुंबईला खोलीत राहावयास गेला तर गावची तुळस डब्यात लावतोच. पण एक गोष्ट खटकते. ज्या काळात ट्राउटच्या अंड्यांसाठी जहाजांत बर्फ भरले जात होते, त्या काळात आमच्या सह्याद्रीच्या नद्यांतल्या माशाचे अंडे कसे असते, किती अंशांत फुटते, हे कुणी पाहिलेच नव्हते.

तो मासा म्हणजे महाशीर. कर्नल साइक्स हे मुंबई सरकारचे आकडेवारी गोळा करणारे अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनभर हिंडले. शेते, जाती, बाजारभाव, पर्जन्यमान लिहिता लिहिता त्यांनी मासेही लिहिले. पुण्याजवळच्या मुळा-मुठेत त्यांना हा मोठ्या खवल्यांचा मासा मिळाला आणि १८३९ साली त्यांनी तो शास्त्राच्या दप्तरी घातला. कोळ्याने जे नाव सांगितले तेच त्यांनी लॅटिनात बसविले, 'खुद्री'. आजही जगभरच्या पुस्तकांत तो 'टॉर खुद्री' आहे. 'मुसुल्ला', 'कोलस', 'फुलंगी' ही नावेही तशीच दख्खनच्या नद्यांवरून शास्त्रात गेली. साहेबाने आमच्या भोयांचे आणि कोळ्यांचे ऐकले, याचे मला मोठे अप्रूप वाटते. पुढे १८७३ साली थॉमस नावाच्या कलेक्टराने गळाने मासे धरण्यावर जाडजूड पुस्तक लिहिले. त्यात महाशीराची थोरवी आहे, पण ती गळाला लागलेल्या माशाची. १८९७ साली मत्स्योद्योगाचा कायदा झाला आणि पाण्यात सुरुंग उडविण्यास व विष कालविण्यास बंदी झाली. पिलांचे पाणी मात्र कुणी मोजले नाही.

मोजणे सुरू झाले ते आधी बंगाल-ओरिसात, आणि तेही रोहू, कटला, मृगळ या पोटापाण्याच्या माशांसाठी. हे मासे साठलेल्या तळ्यात वाढतात, पण तेथे अंडी घालीत नाहीत. त्यांचे मत्स्यजिरे पुराच्या वेळी नदीत जाळी लावून धरीत आणि मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने दूरदूर नेत. मातीची हंडी यासाठी की, ती पाझरते आणि पाणी निवते. उन्हाळ्यात आपण माठातले पाणी पितो त्यातलेच हे शहाणपण. हंडीवाला रात्रभर डब्यात बसून पाणी हलवीत राही, स्टेशनावर गाडी थांबली की बदलून घेई. मुंबई राज्यातल्या तलावांना कलकत्त्याचे बीज असेच आले. त्यातले किती वाटेत मरे, हे त्या बिचाऱ्या हंडीवाल्यालाच ठाऊक.

आणि बांकुरा-मेदिनीपूरकडच्या कोळ्यांना आणखी एक गोष्ट माहीत होती. उतारावर बांध घालून ठेवलेल्या उथळ तळ्यात पावसाचे गार पाणी लोंढ्याने शिरले की त्याच दिवशी मासे अंडी घालतात. आमच्या वळगणीचेच हे बंगाली भावंड. शास्त्रज्ञांनी या गोष्टीचा आतला धागा पकडला. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूतील पीयूषिका ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून तळ्याच्या पाण्यात अंडी घालविली. आज तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. सुईने माशाला पावसाचा भास करून दिला, असे म्हटले तर चालेल. परंतु सुईने पाणी थंड होत नाही. रोहूचे अंडे २८ अंशांच्या आसपास पंधरा ते अठरा तासांत फुटते; पाणी त्याहून फार तापले की अंडी वाया जातात आणि पिले वाकडी निघतात. म्हणून आजही उबवणी केंद्रावरचा माणूस जूनमध्ये आकाशाकडे पाहत बसतो. ढग आल्याशिवाय तो सुई उचलीत नाही.

महाशीराची पाळी आली १९७० साली, लोणावळ्यास. टाटांच्या वीज कंपनीने घाटमाथ्यावर वळवण, शिरवटा असे तलाव बांधलेले होते. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली कंपनीने तेथे महाशीराची उबवणी सुरू केली, पुढे एस. एन. ओगले यांनी ती अनेक वर्षे सांभाळली. साइक्सने नाव लिहून ठेवल्याला तोवर १३१ वर्षे झाली होती. कुलकर्णींनी जे पाहिले ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले, आणि रोहूशी ताडून पाहिले म्हणजे त्यातले नवल कळते. महाशीराचे अंडे मोठे, पिवळसर सोनेरी, जड. ते तरंगत नाही, तळाशी जाऊन बसते. २० ते २४ अंशांच्या पाण्यात ते ६० ते ८० तासांनी फुटते. रोहूचे पिलू जेथे दुसऱ्या दिवशी बाहेर, तेथे याचे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. बरे, फुटले म्हणून लगेच पोहू लागले असेही नाही. बलकाची जड पिशवी पोटाशी बांधलेले ते पिलू पाचसहा दिवस उजेडापासून तोंड चुकवून तळच्या कोपऱ्यात पडून असते. म्हणजे आठनऊ दिवस हा जीव एकाच जागी, वाहत्या, स्वच्छ, गार पाण्याच्या भरवशावर. वीस ते चोवीस अंश! आषाढ-श्रावणातल्या घाटमाथ्याच्या ओढ्याला हात लावून पाहा, त्याचा गारवा साधारण तोच. माशाने अंड्यासाठी महिना निवडलेला असतो तो असा.

लोणावळ्याच्या मंडळींनी एक युक्तीही काढली, तिचे मला फार कौतुक वाटते. अंडी दूर पाठवावयाची तर पाण्यात घालून पाठविली की पाणी तापते, डुचमळते, अंडी गुदमरतात. त्यांनी अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने पाठविली. ओल्या कापसातून पाणी उडते तसा गारवा येतो, आणि अंड्याला पाणी हवे असते त्याहून हवा अधिक हवी असते. कुलकर्णी-ओगले यांनी १९७९ साली ही रीत प्रसिद्ध केली. यूलचे शेवाळ, बंगाल्याची पाझरती हंडी आणि लोणावळ्याचा कापूस, तिघांची कल्पना एकच.

येथे एक कडू घोटही सांगितला पाहिजे. लोणावळ्याची बोटुकली अनेक राज्यांत गेली, कावेरीतही गेली. तेथे आमचा खुद्री जोमाने वाढला, आणि कावेरीचा स्वतःचा वशिंडवाला महाशीर मागे पडत गेला. २०१८ साली त्या माशाची ओळख 'टॉर रेमादेवी' अशी पक्की झाली, तोवर तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत जाण्याइतका विरळ झाला होता. टास्मानियात ट्राउटने केले तेच थोड्याफार फरकाने येथे झाले. पिले जगविण्याची विद्या आली म्हणून ती कुठे सोडावीत याची विद्या आपोआप येत नाही.

आता आमच्या जव्हार-मोखाड्याकडे वळतो. ठाणे जिल्हा अखंड होता तेव्हा जव्हारला त्या जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत. उंची दीड हजार फुटांच्या आसपास. पाऊस असा की चार महिने वाळलेले कपडे दिसत नाहीत, आणि एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडा घेऊन मैलभर उतरतात. अलीकडे शेततळी झाली, त्यांत मत्स्यबीज सोडण्याच्या योजना आल्या. मागे आमच्या जवळच्या एका पाड्यावर असेच बीज आले. ऑक्टोबरचे दिवस, पाऊस संपलेला, डोक्यावर लख्ख ऊन. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टेंपोतून उतरल्या. गाडी भल्या पहाटे निघालेली, त्यामुळे पिशव्यांतले पाणी गार; तळे उथळ आणि काठावर एक झाड नाही, त्यामुळे तळ्यातले पाणी तापलेले. आलेल्या माणसाला आणखी चार गावे करावयाची होती. त्याने पिशव्यांची तोंडे सोडली, बीज ओतले, कागदावर अंगठे घेतले आणि तो गेला. शेजारी एक वारली म्हातारा पाय पाण्यात सोडून बसला होता. त्याने पाय वर ओढले आणि मला म्हणाला, 'गुरुजी, माझ्या पायाला चटका लागतो, ती तर पोरं हायेत.'

संध्याकाळपर्यंत कडेला पांढऱ्या पोटांची रांग लागली. कावळ्यांची चंगळ झाली.

वास्तविक करावयाचे असते ते फार थोडे. पिशवी तोंड न सोडता वीस-तीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावयाची, म्हणजे आतले व बाहेरचे पाणी हळूहळू सारखे होते. मग थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घ्यावयाचे, आणि पिले आपणहून बाहेर पडू द्यावयाची. तेही सकाळी किंवा दिवस कलल्यावर. मत्स्यव्यवसायाच्या प्रत्येक पुस्तिकेत हे लिहिलेले असते. पुढल्या वर्षी बीज आले तेव्हा त्याच म्हाताऱ्याने टेंपोवाल्याला दमात घेतले, 'आधी भिजू दे पिशवी, मग फोड.' दुपारची गाडी त्याने झाडाखाली उभी करविली, आणि दिवस कलेपर्यंत ती तेथेच उभी राहिली. त्या वर्षी माघात पाड्यावर मासळी शिजली.

आमच्या भागात महाशीर अजून कुठे पाहावयाचा असेल तर वाडा तालुक्यात तिळसे येथे जावे. वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराचे देऊळ आहे, आणि देवळाच्या डोहातल्या माशांना कोणी मारीत नाही, ते देवमासे. महाशिवरात्रीला जत्रा भरते. लोक कुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे पायरीशी येऊन तोंडे उघडतात. महाडकडे वाळणकोंडीच्या डोहातही हेच आहे. देवाच्या नावाने जो डोह राखला तो खोल राहिला, आणि खोल डोहाच्या तळाशी वैशाखातही गारवा उरतो. मोठे मासे उन्हाळा काढतात ते त्याच्या बळावर. पण मोठा मासा वाचणे ही अर्धीच गोष्ट झाली. अंडी घालण्यास त्याला आषाढात वर चढावे लागते, वाहत्या गार पाण्याच्या, गोट्यांच्या तळाच्या ओढ्यांत. वैतरणेवर १९५७ साली मोडकसागर झाला, त्याच्या वर १९७३ साली अप्पर वैतरणा, आणि या दोहोंच्या मधे २०१४ साली मध्य वैतरणा. त्याशिवाय गारगाई आणि पिंजाळ या नद्यांवरही धरणांच्या योजना आखलेल्या आहेत. मुंबईच्या कोटीभर माणसांना पाणी हवे आहे, हे मला कळते.

गेल्या पावसाळ्यानंतर, पाणी निवळल्यावर, मी तिळशाला गेलो होतो. पायरीवर बसून मोठे मासे पाहून झाल्यावर मी देवळाबाहेर कुरमुरे विकणाऱ्या बाईंना विचारले, 'मावशी, यांची पिले कधी दिसतात का हो?' त्यांनी पुडी बांधता बांधता डोहाकडे पाहिले. म्हणाल्या, 'आमच्या लहानपणी कडेकडेने असायची, बोटाएवढाली. तिकडं वरच्या अंगाला, जिथं तो ओढा मिळतो ना, तिथं.' मी त्या बाजूला चालत गेलो. ओढा अजून वाहत होता, थोडासा. काठच्या करंजाची सावली पाण्यावर पडली होती, आणि त्या सावलीत, गोट्यांच्या मधे, बोटाच्या पेराएवढी काही पिले धारेकडे तोंड करून उभी होती. ती महाशीराची की आणखी कशाची, हे ओळखण्याइतके माझे डोळे त्या विद्येत तयार नाहीत. पाण्यात हात घातला. गार होते.